देवघेव ते डेटाबेस : ग्रंथालय प्रकल्पाच्या नोंदी

९ जून

तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक ग्रंथालय, त्याच्या देवघेवीसाठी वेब ॲप्लिकेशन. लारावेल १२ (पीएचपी भाषेत वेब ॲप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा), पीएचपी ८.३, डेटाबेस मायएसक्यूएल ८. पडद्यावरची पानं सहकाऱ्याने नमुना माहितीवर बांधून ठेवली आहेत. राउट (कोणत्या पत्त्यावरची विनंती कुठे जाते ते सांगणारी ओळ) कंट्रोलरपर्यंत, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या कोडपर्यंत, पोचतो आणि कंट्रोलर हाताने लिहिलेला एक ॲरे (माहितीची यादी) पानाकडे सोपवतो. त्या ॲरेच्या जागी खरी टेबलं आणायची, हे माझ्याकडचं काम.

आज फक्त जोडणी केली. लारावेल ११ पासून नवा प्रकल्प एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस गृहीत धरून सुरू होतो, त्यामुळे एन्व्ह फाइलमध्ये (प्रकल्पाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) जोडणीचा प्रकार आधी मायएसक्यूएल केला. यजमानाच्या जागी 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ लिहिलं. लिनक्सवर पीएचपीला 'लोकलहोस्ट' दिसलं की ते नेटवर्कच्या वाटेने न जाता सॉकेट फाइल शोधतं. ती फाइल अपेक्षित ठिकाणी नसेल तर २००२ क्रमांकाची चूक येते आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. पासवर्ड चुकला तर क्रमांक १०४५ असतो. हे दोन क्रमांक ओळखीचे असले की अर्धा दिवस वाचतो.

डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ ठेवला. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे जुन्या तीन बाइटांच्या प्रकारातही ते बसलं असतं. पण सभासदाच्या शेऱ्यात कोणी मोबाइलवरून एखादी स्मायली टाकली, तर तिला चार बाइट लागतात.

११ जून

सकाळचा वेळ ग्रंथालयात काढला. टेबलं आखायच्या आधी दाखलनोंद वही पाहणं गरजेचं होतं. ग्रंथपाल ताईंनी वही उघडून दिली. एकच कादंबरी वेगवेगळ्या पानांवर तीनदा दिसली.

"ताई, ही तीनदा का नोंदवलीय?"

"अहो, त्या तीन प्रती आहेत. दोन आम्ही घेतल्या, एक देणगीतून आली. प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा असतो."

"आणि फाटून बाद झाली तर तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देता का?"

"छे! क्रमांक कायम राहतो. पुढे शेऱ्यात निर्लेखन लिहायचं आणि तारीख."

नमुना माहितीत आमच्याकडे 'पुस्तक' नावाची एकच गोष्ट होती. शीर्षक, लेखक, किंमत, क्रमांक, कोणाकडे आहे हे सगळं तिच्यातच. ताईंच्या डोक्यात मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथ म्हणजे कृती: तिला शीर्षक असतं, लेखक असतो, वर्गांक असतो. प्रत म्हणजे कपाटात हाताला लागणारी वस्तू: तिला दाखल क्रमांक, किंमत आणि स्थिती असते. सभासद नेतो ती प्रत, शोधतो तो ग्रंथ.

ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, पडदा आणि त्यांना जोडणारा कोड वेगळा ठेवणारी) ही मांडणी लिहून काढली, तेव्हा त्यांचा भर याच गोष्टीवर होता. वापरणाऱ्याच्या मनात कामाचं जे चित्र असतं, ते संगणकात मॉडेल म्हणून उभं राहावं. आता आपण मॉडेल म्हणजे टेबलाची सावली समजून चालतो, आधी टेबल आखतो आणि मग त्याला मॉडेल चिकटवतो. मला उलट क्रम योग्य वाटतो. वहीत पिढ्यान्‌पिढ्या घासून पक्की झालेली रचना समोर असताना ती मोडून आपली नवी लादण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

१३ जून

मायग्रेशन (टेबलांची रचना घडवणारा कोड) लिहिली. मुख्य टेबलं चार: ग्रंथ, प्रत, सभासद, देवघेव. लेखकांचं टेबल वेगळं, आणि ग्रंथाशी ते जोडणाऱ्या मधल्या टेबलात भूमिकेचा कॉलम. अनुवादित पुस्तकाला मूळ लेखक आणि अनुवादक दोघे लागतात, आणि वाचक अनुवादकाच्या नावानेही पुस्तक मागतो.

मॉडेलांची नावं मराठीच ठेवली. ताईंशी बोलताना आणि कोड वाचताना एकच शब्द यावा म्हणून. यात एक अडचण आहे: इलोक्वेंट (मॉडेल आणि टेबल जोडणारा लारावेलचा भाग) मॉडेलच्या नावावरून टेबलाचं नाव स्वतः ठरवतं आणि त्यासाठी इंग्रजीचे अनेकवचनाचे नियम लावतं. 'प्रत'चं तो 'प्रत्स' करतो. म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये टेबलाचं नाव स्पष्ट लिहून दिलं.

किंमत आणि अनामत दशांश प्रकारात. फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) पैसे ठेवायचे नाहीत, यावर चर्चाही नको.

प्रत कधीही पुसायची नाही. स्थितीचा एक कॉलम आणि निर्लेखनाची तारीख पुरते. लारावेलमधली 'सॉफ्ट डिलीट'ची सोय मी मुद्दाम टाळली. तिच्यामुळे पुसलेली रांग टेबलात राहते, पण नेहमीच्या क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) आपोआप गाळली जाते, आणि निर्लेखित प्रत वहीतून नाहीशी झालेली ताईंना चालणार नाही. फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या रांगेकडे जाणारे दुवे) सगळ्या 'रिस्ट्रिक्ट': प्रतीवर देवघेवीच्या नोंदी असतील तर ती रांग काढायला डेटाबेसच नकार देईल. दाखल क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊ शकत नाही.

१६ जून

पहिला कंट्रोलर खऱ्या टेबलाला जोडला. प्रतीचं पान. राउटमध्येच सांगितलं की प्रत शोधायची ती दाखल क्रमांकावरून. त्यामुळे कंट्रोलरच्या मेथडला थेट प्रत मॉडेल हातात मिळतं, आणि तसा क्रमांक नसेल तर ४०४ चं पान आपोआप जातं. कंट्रोलरमध्ये उरल्या दोन ओळी: ग्रंथ आणि लेखक सोबत भरून घ्या, पान दाखवा. शोधणं, नसल्यास काय करायचं हे ठरवणं, आकड्याचं रूपांतर, यातलं काहीही तिथे नाही.

फॉर्मचं व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) स्वतंत्र रिक्वेस्ट वर्गात नेलं. तिथे एक खास आपल्याकडची गोष्ट पुढे आली. देवघेवीच्या खिडकीवरच्या संगणकावर मराठी कीबोर्ड कायम चालू असतो. ताई दाखल क्रमांक टाइप करतात तो देवनागरी आकड्यांत. पीएचपीच्या पूर्णांक तपासणीला ते आकडे कळत नाहीत, आणि "क्रमांक पूर्णांक असावा" असा संदेश समोर येतो. समोर तर धडधडीत क्रमांक लिहिलेला! उपाय साधा आहे. व्हॅलिडेशनच्या आधी चालणाऱ्या मेथडमध्ये देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायचे. पानावर दाखवताना पुन्हा देवनागरी. टेबलात मात्र पूर्णांकच राहतो.

सभासद साठवताना विनंतीतून आलेलं सगळं मॉडेलकडे ढकलायचं नाही. व्हॅलिडेट झालेले रकानेच द्यायचे आणि मॉडेलच्या 'फिलेबल' यादीत (एकगठ्ठा भरता येणाऱ्या रकान्यांत) अनामत ठेवायची नाही. अनामत बदलते ती पावती फाडल्यावर, नाव-पत्त्याच्या फॉर्ममधून ती बदलता कामा नये.

१८ जून

थकीत पुस्तकांची यादी संथ चालत होती. पानावर पन्नास नोंदी. क्वेरी मोजल्या: नोंदी आणायला एक, मग प्रत्येक नोंदीसाठी प्रत, प्रतीवरून ग्रंथ, आणि सभासद. १ + ५० + ५० + ५० म्हणजे १५१. पानाच्या टेम्प्लेटमध्ये 'नोंदीची प्रत, प्रतीचा ग्रंथ, ग्रंथाचं शीर्षक' असं सहज लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला ती मेमरीतली माहिती वाटते. प्रत्यक्षात दर पायरीला डेटाबेसकडे एक फेरी पडते. नाती आधीच भरून घ्या असं क्वेरीलाच सांगितल्यावर चार क्वेरींत काम झालं.

हे पुन्हा घडू नये म्हणून विकासाच्या संगणकांवर 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' चालू केलं. आधी न भरलेलं नातं पानाने मागितलं की तिथल्या तिथे एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक). सहकाऱ्याला पहिल्या दिवशी याचा त्रास होईल, पण डेटाबेसला कधी हाक जाते हे पान लिहिणाऱ्यालाही कळायला हवं.

२३ जून

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका प्रतीवर एका वेळी एकच उघडी देवघेव. नोंद सविस्तर ठेवतो.

पहिला आराखडा असा होता. कंट्रोलर प्रत घेतो, ती कोणाकडे गेलेली नाही ना हे पाहतो, आणि नवी रांग घालतो. वाचायला बरोबर वाटतं. पण ग्रंथालयातलं नेट संथ आहे. 'इश्यू' बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, तर दोन विनंत्या जातात. दोन्ही जवळपास एकाच वेळी विचारतात, "प्रत कपाटात आहे का?" दोघींना "आहे" असं उत्तर मिळतं आणि दोघी रांग घालतात. सभासद आठवड्याने पुस्तक परत करतो, एक रांग बंद होते. दुसरी उघडीच राहते आणि तिच्यावर विलंब शुल्क चढत जातं. परत केलेल्या पुस्तकाचा दंड एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे मागायची वेळ ताईंवर येणं मला मान्य नाही.

हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) गुंडाळलं तरी पुरत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची मूळ पातळी 'रिपीटेबल रीड' आहे. दोन्ही ट्रान्झॅक्शन आपापल्या क्षणाचं चित्र पाहतात, आणि दोन्ही चित्रांत प्रत कपाटातच असते.

म्हणून नियम डेटाबेसमध्ये उतरवला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अटीसह युनिक इंडेक्स करता येतो: जमा तारीख रिकामी असलेल्या रांगांपुरताच प्रत क्रमांक एकमेव. मायएसक्यूएलमध्ये तशी सोय नाही, पण वाट आहे. देवघेव टेबलात एक जनरेटेड कॉलम (इतर कॉलमांवरून आपोआप काढला जाणारा) घेतला. जमा तारीख रिकामी असेल तर त्याची किंमत प्रतीचा आयडी, नसेल तर नल (काहीच नाही). या कॉलमवर युनिक इंडेक्स. युनिक इंडेक्समध्ये नल कितीही चालतात, त्यामुळे बंद झालेल्या जुन्या नोंदी एकमेकींच्या आड येत नाहीत, आणि उघडी नोंद मात्र प्रतीमागे एकच राहते. कॉलम 'व्हर्च्युअल' ठेवला, म्हणजे तो साठवत नाहीत, वाचताना काढतात; इनोडीबीत त्यावरही इंडेक्स घालता येतो.

आता दुसरी विनंती आली की डेटाबेस १०६२ क्रमांकाची चूक देतो. लारावेल तिचं स्वतंत्र एक्सेप्शन करून देतं, ते मी मॉडेलच्या मेथडमध्येच पकडतो आणि ग्रंथालयाच्या भाषेतला अर्थ वर पाठवतो: ही प्रत आधीच इश्यू झाली आहे. कंट्रोलरला १०६२ हा आकडा कधीच दिसत नाही. त्याने फक्त तो संदेश पानावर न्यायचा.

ट्रान्झॅक्शनच्या आधीची तपासणी मी काढलेली नाही. ती माणसासाठी आहे: "कोणाकडे आहे, कधी येईल" हे ताईंना लगेच दिसावं. खात्रीचं काम मात्र इंडेक्सचं.

२४ जून

कालच्या नियमाचा भाऊ: सभासदाची मर्यादा. वर्गणीच्या प्रकारानुसार एका वेळी ठरावीक पुस्तकं. इथे युनिक इंडेक्सचा उपयोग नाही, कारण मोजणी करावी लागते. आणि खिडक्या दोन आहेत. वडील मुख्य खिडकीवर, मुलगी बालविभागात, कार्ड एकच.

उपाय: सभासदाची रांग 'फॉर अपडेट' कुलूप लावून वाचायची, मग उघड्या नोंदी मोजायच्या, मग नवी रांग. दुसऱ्या खिडकीवरची विनंती कुलूप सुटेपर्यंत थांबते.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. रिपीटेबल रीडमध्ये ट्रान्झॅक्शनचं चित्र पहिल्या साध्या वाचनाला गोठतं. कुलपाच्या आधी ट्रान्झॅक्शनमध्ये एखादी साधी सिलेक्ट क्वेरी झाली असेल, तर कुलूप मिळाल्यावर केलेली मोजणीही जुन्याच चित्रातली येते, आणि शेजारच्या खिडकीने नुकतीच घातलेली रांग तिच्यात नसते. म्हणून ट्रान्झॅक्शनमधली पहिली क्वेरी कुलपाचीच. राउटमधून आलेलं सभासद मॉडेल आधी वाचलेलं असतं, त्याच्यावर विसंबायचं नाही. आत गेल्यावर तो पुन्हा, कुलपासह वाचायचा. मेथडच्या डोक्यावर ही टीप लिहून ठेवली, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी चांगल्या हेतूने ओळी वरखाली करील.

चाचणी दोन टिंकर (लारावेलला थेट आज्ञा देण्याच्या) खिडक्या उघडून केली. एकीत ट्रान्झॅक्शन सुरू करून कुलूप लावलं, दुसरीत तोच सभासद मागितला; ती थांबली. पहिलीत कमिट केल्यावर (बदल पक्का केल्यावर) दुसरी हलली आणि मर्यादा भरल्याचा संदेश आला.

आमच्या चाचण्या वेगासाठी मेमरीतल्या एसक्यूलाइटवर चालत होत्या. एसक्यूलाइटसाठी लारावेल 'फॉर अपडेट' हा भाग क्वेरीत घालतच नाही. म्हणजे कुलूप नसतानाही चाचणी हिरवी दिसली असती. देवघेवीच्या चाचण्या आजपासून खऱ्या मायएसक्यूएलवर.

२६ जून

वेळक्षेत्र. लारावेलची मूळ निवड यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. दिवसा फरक कळत नाही, पण रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात यूटीसीची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते, आणि थकीत याद्या करणारं काम नेमकं रात्री १२ नंतर चालतं. वेळक्षेत्र एशिया-कोलकाता केलं. दिल्याची, देय आणि जमा तारीख 'डेट' प्रकारात ठेवल्या. वहीतही वेळ लिहीत नाहीत.

१ जुलै

शोध आणि क्रम. यात दोन दिवस गेले आणि ते सार्थकी लागले असं मला वाटतं, कारण मराठी ग्रंथालयाचं ॲप्लिकेशन मराठीत नीट चालत नसेल तर बाकीच्या कारागिरीला अर्थ नाही.

आधी शोध. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. युनिकोडने त्याला स्वतंत्र स्थान दिलं ते २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीची आणि नंतरचीही बरीच टायपिंग 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हांची आहे. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. तसंच दऱ्या, सुऱ्या, गोऱ्हे यांतला 'ऱ्': कुठे स्वतंत्र ऱ, कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. ग्रंथाचं शीर्षक एका पद्धतीने साठवलेलं आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने मागितलेलं, तर पुस्तक कपाटात असून 'नाही' असं उत्तर जाण्याचा धोका.

एकरूप करायची जागा मॉडेल. ग्रंथ आणि लेखक मॉडेलांत शीर्षक, नाव साठवताना दोन्ही रूपं एका रूपात आणली. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून जातो. कंट्रोलरमध्ये हे लिहिलं असतं तर फॉर्ममधून आलेली नावं सुधारली असती, पण जुनी यादी कमांडने आत घेताना ती वाट कंट्रोलरवरून जातच नाही. जुनी यादी श्रीलिपीत (युनिकोडपेक्षा वेगळ्या, जुन्या फॉन्टपद्धतीत) टंकलेली आहे, तिचं युनिकोडमध्ये रूपांतर हे वेगळंच काम, पण रूपांतरानंतर ती याच मॉडेलमधून आत शिरेल.

फुलटेक्स्ट इंडेक्स (शब्दांवरून शोधायची सूची) तूर्त घेतला नाही. इनोडीबीत मूळ सेटिंगप्रमाणे तीन वर्णांहून लहान शब्द इंडेक्समध्ये जात नाहीत. 'घर', 'मन', 'वन' असे शब्द कितीतरी शीर्षकांत आहेत. या आकाराच्या संग्रहाला साधा 'लाइक', म्हणजे अक्षरं जुळवून केलेला शोध, पुरतो.

मग क्रम. ताईंच्या तालिका-पत्रांत ळ हा ह नंतर येतो, आणि शेवटी क्ष, ज्ञ. युनिकोडच्या कोष्टकात ळ लागलीच ल च्या नंतर, व च्या आधी आहे. क्ष हा क च्या पोटात आणि ज्ञ हा ज च्या पोटात जातो. त्यामुळे 'काळ' हे 'काव्य'च्या आधी आलं आणि 'क्षितिज' क मध्ये दडलं. काही शब्दकोशांतही क्ष क मध्येच असतो, पण या ग्रंथालयाचा वाचक ज्या क्रमाने पत्रं चाळतो तोच पडद्यावर हवा.

मायएसक्यूएलमध्ये मराठीचं स्वतंत्र कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) नाही. पीएचपीच्या इंटल विस्तारातल्या कोलेटरला (क्रम लावणाऱ्या साधनाला) मराठी लोकेल (भाषेची निवड) दिलं की हवा तो क्रम मिळतो. पण पीएचपीत क्रम लावायचा तर आधी सगळी शीर्षकं आणावी लागतात, नाहीतर पानं चुकीची पडतात. म्हणून कोलेटरकडून प्रत्येक शीर्षकाची सॉर्ट की (क्रम ठरवणारे बाइट) घेतली आणि ती ग्रंथ टेबलात बायनरी कॉलममध्ये ठेवली. मॉडेल साठवताना ती आपोआप भरते. त्यावर इंडेक्स आहे, त्यामुळे डेटाबेस साधे बाइट पाहून मराठी क्रमाने पान काढून देतो. सर्व्हरवरची आयसीयू लायब्ररी (जिच्या नियमांवर कोलेटर चालतो ती) बदलली तर या सॉर्ट की पुन्हा कराव्या लागतील. त्यासाठी कमांड लिहून ठेवली.

ताईंना यादी दाखवली. त्यांनी थेट शेवटचं पान उघडायला सांगितलं, 'ज्ञ' पाहिला आणि म्हणाल्या, "आता वही बंद करून चालेल का, ते मात्र समितीला विचारा."

४ जुलै

सर्व्हरवर चढवण्याची तयारी. डेटाबेसचे दोन वापरकर्ते केले. ॲप्लिकेशनच्या वापरकर्त्याला वाचणं, घालणं, बदलणं एवढेच अधिकार. पुसण्याचा अधिकार फक्त सेशनच्या आणि कॅशच्या टेबलांवर, कारण तिथे तो लागतो. टेबलांची रचना बदलणारा वापरकर्ता वेगळा. मायग्रेशनच्या वेळी तेवढा तो. प्रत पुसायची नाही हा ताईंचा नियम आता मॉडेलमध्ये आहे, फॉरेन कीमध्ये आहे आणि अधिकारांतही आहे.

कॉन्फिग कॅश केल्यावर (सेटिंग एकत्र करून साठवल्यावर) एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही, हे ध्यानात ठेवून सगळ्या कोडमध्ये शोधलं. एका कंट्रोलरमध्ये विलंब शुल्काचा दर थेट एन्व्हमधून घेतलेला सापडला. कॅशनंतर तिथे नल आला असता आणि दंड शून्य लागला असता. मुळात दर ही समितीने ठरवायची गोष्ट आहे आणि ती अधूनमधून बदलते. त्यासाठी 'दर' नावाचं टेबल केलं: रक्कम आणि कधीपासून लागू. देवघेव मॉडेल शुल्क काढताना देय तारखेला लागू असलेला दर घेतं, म्हणजे दर वाढला तरी जुन्या थकीत नोंदीवर नवा दर बसत नाही. दर लागू होण्याची तारीख ठरावाच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते का, हे सोमवारी ताईंना विचारायचं आहे. तोवर ते मायग्रेशन सर्व्हरवर चालवायचं नाही.